अण्णा शेजाऱ्यांना विचारायचे

अण्णांना गाण्यातलं काडीचंही कळत नव्हतं, आणि आमच्या अंधेरीतला खरा कलावंत कोण, हे ठरवायचं काम मात्र त्यांच्याकडेच होतं. हसू नका. कसं ते सांगते.

आमच्या कॉलनीचं एक संगीत मंडळ होतं. संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम व्हायचा आणि अंधेरीतल्या एका गायकाला किंवा वादकाला शाल-श्रीफळ द्यायचे. ‘आपला कलावंत’ म्हणायचे त्याला. आता हा ‘आपला’ कोण, यावरून दरवर्षी भांडणं. मंडळातले सगळे कोणाचे ना कोणाचे शिष्य, त्यामुळे ज्याला त्याला आपलेच गुरुजी आपले वाटणार. आमचे अध्यक्ष केळकर सर, ते स्वतः घरी शास्त्रीय गाणं शिकवायचे, शेवटी वैतागून म्हणाले, “ज्याला कोणी गुरूच नाही असा एखादा माणूस शोधा आणि त्याच्यावर सोपवा!” असा माणूस कॉलनीत एकच होता. आमच्या शेजारचे अण्णा.

अण्णा मूळचे मालवणकडचे. टपाल खात्यात पत्रं लावता लावता रिटायर झालेले. पांढरा लेंगा, वर बाहेर सोडलेला शर्ट आणि खिशात कायम आलेपाकाच्या वड्या. केळकर सरांनी त्यांना विचारलं तेव्हा मी तिथेच होते. अण्णांनी एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाले, “सर, माका रागबिग काय कळणा नाय. पण माणूस कळता. चालात तर बघा.” चाललं की! न चालून सांगतात कोणाला?

मग अण्णांनी आपली पद्धत काढली. पद्धत कसली, आपल्याकडे लग्नाच्या स्थळाची चौकशी करतात ना, अगदी तीच. ते म्हणायचे, “मुलाच्या घरी जाऊन काय कळणार? तिथे पोह्यांवर खोबरं घालूनच ठेवलेलं असतं. शेजारी जा, म्हणजे खरं काय ते कळतं.” तर कलावंताचं नाव पुढे आलं की अण्णा त्याचं गाणं ऐकायला जायचेच नाहीत. त्याच्या शेजाऱ्यांकडे जायचे. त्यावरून सगळे त्यांना चौकशीअण्णा म्हणायला लागले.

यात मी कशी आले? दुपारच्या वेळी घरात बायकाच असायच्या. एकटा पुरुषमाणूस दारात उभा राहून “बाजूचे कसे आहेत हो?” असं विचारायला लागला तर कोण सांगेल? दार तोंडावर आपटतील. अण्णांच्या बायकोला, आमच्या काकींना, गुडघ्यांमुळे जिने चढवायचे नाहीत, म्हणून मग मी. मुलं शाळेत गेली की अण्णांची हाक यायची, “सुमन गो, घाल चपला.” मी पदर खोचून निघायची. खरं सांगू का, मला ते फार आवडायचं. लग्न होऊन मुंबईत आले तेव्हापासून घर, बाजार आणि शाळा एवढंच बघितलेलं. अण्णांच्या मागे हिंडून मला अंधेरी कळली.

एकदा असं झालं, नव्या उंच बिल्डिंगमध्ये एक मोठे गवई राहायला आले होते. पेपरात फोटो वगैरे येणारे. सगळ्यांना वाटलं, यंदाची शाल त्यांचीच. आम्ही त्यांच्या समोरच्या दारात गेलो. अण्णांनी आधी आलेपाकाची वडी पुढे केली, मग विचारलं. त्या बाई म्हणाल्या, “ते होय! गातात का ते? आम्ही तर कधी आवाज नाही ऐकला. रियाझाला पुण्याला जातात म्हणे, इथे त्यांना शांतता मिळत नाही.” अण्णा जिना उतरता उतरता म्हणाले, “मग शाल पुण्याने घालावी.” संपला विषय. मंडळात केवढी आदळआपट झाली! पण अण्णांचं एकच. ज्याचा सूर शेजाऱ्याने ऐकलेला नाही, तो आपला कसा?

दुसऱ्या वर्षी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात एका बेंजो वाजवणाऱ्याचं नाव आलं. केळकर सर म्हणाले, “वरातीत वाजवतो तो? अहो, कर्णा लावून वाजवतो!” अण्णा म्हणाले, “बघून तर येतो.” त्याच्या शेजारी एक मासे विकणारी मावशी टोपली धूत बसली होती. अण्णांनी विचारायचा अवकाश, ती उसळली. “त्याचं नाव नको काढू माझ्यासमोर! सकाळपासून टिंगटिंग टिंगटिंग, डोकं उठवतो मेला!” मी म्हटलं, झालं, गेला हा. अण्णा मात्र तिथेच पायरीवर बसले. म्हणाले, “बाय, तुझ्या घरी कधी कार्य झालं तर वाजवायला कोणाला बोलावशील?” तिने टोपली खाली ठेवली. “म्हंजे? माझ्या पोरीच्या हळदीला त्याच्याबिगर दुसरा कोन वाजवल?”

अण्णा उठले, लेंगा झटकला आणि मला म्हणाले, “चल. हा आपला.” परत येताना मला समजावलं त्यांनी. शेजाऱ्याने शिवी पण दिली पाहिजे आणि हळदीला पण बोलावलं पाहिजे. नुसती शिवी असेल तर तो गोंगाट. नुसतं कौतुक असेल तर ते लांबचं नातं. दोन्ही मिळालं की समजायचं, माणूस मुरला इथे. त्या वर्षी बेंजोवाल्याने शाल घेतली आणि हॉलमध्ये असं काही वाजवलं की केळकर सरांचा पाय हलत होता. मी बघितलं ना, खुर्चीखाली हलत होता.

आता मुख्य गोष्टीकडे येते. गिरण्यांच्या संपानंतरची वर्षं ती. रस्त्यापलीकडे एक बैठी चाळ होती, तिथे मार्टिनबाब राहायचे. गोव्याचे. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन म्हापशाला. हा माणूस वर्षानुवर्षं सकाळी व्हायोलिनची पेटी घेऊन स्टेशनकडे जाताना आम्ही सगळ्यांनी बघितलेला, पण करतो काय ते कोणाला ठाऊक नव्हतं. अण्णांनी एकदा वाटेत गाठून विचारलं तेव्हा कळलं की सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगला जातो. गाण्यात मागे व्हायोलिनांचा ताफा वाजतो ना, त्यात हा एक. म्हणजे सकाळी भाजी चिरताना रेडिओवर ज्याला ऐकतो, तो रस्त्यापलीकडे राहतो, आणि आपल्याला पत्ता नाही!

पण त्याच बोलण्यात दुसरंही कळलं. काम आटत चाललं होतं. मार्टिनबाब अण्णांना म्हणाले, “आता मशीन आलंय ना, अण्णा. की-बोर्ड. एक पोरगा बसतो आणि आमची सगळी लाइन एका बोटाने वाजवतो. मुलगी बोलावते. मेच्या आत चाललो मी गोव्याला. इथे कोण विचारतो मला?” हे ‘कोण विचारतो’ अण्णांना फार लागलं. घरी येऊन काकींनी दिलेला चहासुद्धा गार होऊ दिला त्यांनी. मला म्हणाले, “सुमन, सगळा जन्म इथे वाजवला बाबाने आणि जाताना म्हणतो कोणी विचारलं नाही. आपण विचारायचं.”

मंडळाच्या बैठकीत अण्णांनी नाव काढलं आणि केळकर सर सरळ म्हणाले, “नाही.”

“का नाही?”

“अहो, घोळक्यात वाजवणारा माणूस. त्याचं स्वतःचं असं काय? शिवाय घर गोव्याला, आणि आता चाललाच आहे परत. जाणारा माणूस आपला कसा?”

“सर, तुमचं गाव कुठलं?”

“माझं? वाई.”

“गणपतीला कुठे जाता?”

“वाईला. त्याचा इथे काय संबंध?”

“नाही, म्हटलं, परत जायला गाव असणं हा गुन्हा असेल तर आपण सगळेच आत जाऊ.”

सगळे हसले. सरही हसले, पण सोडलं नाही त्यांनी. म्हणाले, “ठीक आहे अण्णा. तुमचाच नियम लावा. शेजारी काय म्हणतात ते विचारून या. त्यांनी ऐकलं असेल तर माझी ना नाही. नसेल तर त्या गवयांना लावला तोच न्याय यालाही.” अण्णा खुशीत म्हणाले, “कबूल!” त्यांना काय, खात्रीच होती. बैठ्या चाळीत भिंतीला भिंत. तिथे शिंक ऐकू येते, व्हायोलिन नाही येणार?

मार्टिनबाबांच्या भिंतीला लागून साटम राहायचे. साटम आधी गिरणीत होते. संपात गिरणी गेली आणि कितीतरी दिवसांनी त्यांना एमआयडीसीतल्या एका कंपनीत रात्रपाळीची वॉचमनची नोकरी लागली होती. आम्ही दुपारी गेलो तर साटमवहिनींनी दारातच तोंडावर बोट ठेवलं. आत साटम झोपले होते. मग ओट्यावर बसून कुजबुजत चौकशी.

“मार्टिनबाब? देवमाणूस. माझ्या धाकटीला ताप भरला तेव्हा टॅक्सी त्यांनीच आणली.”

“ते झालंच. वाजवतात कसे?”

“वाजवतात कुठे? कामाला जातात तिकडे वाजवत असतील. इथे नाही हो ऐकू येत काही.”

अण्णांचा चेहरा पडला. “अगदी कधीच नाही? आठव बघ, बाय.”

“आम्ही आलो तेव्हा आला असेल थोडे दिवस. नंतर नाही. खोटं कशाला सांगू अण्णा?”

अण्णा वडी द्यायचीसुद्धा विसरले. रस्ता ओलांडल्यावर मीच म्हटलं, “अण्णा, साटमवहिनींनी काय सांगितलं ते आपल्या दोघांनाच माहीत. बैठकीत सांगू, ऐकू येतं म्हणून. चांगल्या कामासाठीच ना?” अण्णा थांबले. रागावले नाहीत, पण म्हणाले, “अगो, खोटी चौकशी करून लग्न लावलं तर ते टिकतं का? नियम म्हणजे नियम. मी जाऊन त्याला सांगतो, बाबा, मी विचारलं पण जमलं नाही. आपल्या तोंडून कळलेलं बरं.”

रविवारी मार्टिनबाब चर्चमधून आले तसे आम्ही गेलो. खोलीत ट्रंक उघडी, अर्धी भरलेली. भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या. फक्त साटमांच्या बाजूच्या भिंतीवर एक जाडजूड गोधडी खिळे ठोकून टांगलेली. मला वाटलं, ओल आली असेल.

अण्णा आडपडद्याने बोलणारे नव्हतेच. “मार्टिनबाब, घरी का नाही वाजवत तुम्ही?”

“कोण म्हणतो? रोज वाजवतो! नाही वाजवलं तर हात जातो, अण्णा. रोज दुपारी.”

“मग शेजारी ऐकू कसं येत नाही?”

मार्टिनबाब हसायला लागले. “ऐकू नाही येत ना? खरंच? एकदम नाही?” अहो, त्या माणसाला आनंद झाला होता! त्यांनी पेटी उघडली, व्हायोलिन काढलं आणि तारांखाली जी छोटी घोडी असते, तिच्यावर एक काळा लाकडी चिमटा बसवला. मग गोधडीकडे पाठ करून, कोपऱ्यात अंग चोरून वाजवायला लागले. काय सांगू तुम्हाला! सूर पूर्ण, पण आवाज एवढासा. दोन गल्ल्या सोडून कोणीतरी वाजवत असावं तसा. मी श्वास धरून ऐकत होते, न जाणो माझ्या श्वासानेच बुडेल.

थांबले आणि म्हणाले, “साटम नाइट करतो ना. पहिले मी असाच वाजवत होतो, मोकळा. एक दिवस तो दारात आला. बोलला काय नाय. नुसता उभा राहिला. डोळे असे लाल. नोकरी गेलेली, नवी मिळालेली, झोपला नाय तर ड्यूटीवर डुलक्या काढणार, तीपण जाणार. मी बोललो, सॉरी साटम. त्या दिवसापासून हा चिमटा. आता सवय झाली. रेकॉर्डिंगला बोलतात, मार्टिन, मोठ्याने वाजव, मॅन!”

अण्णा म्हणाले, “सुमन, माझ्या नियमाची वाट लागली गो.” आणि एवढे हसले, एवढे हसले की डोळे पुसायला लागले. मग भिंतीपलीकडे साटम झोपले असतील हे आठवून स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

बैठकीत केळकर सरांनी पहिलाच प्रश्न केला, “काय अण्णा, काय म्हणतात शेजारी?”

“शेजारी म्हणतात, ऐकू येत नाही.”

“झालं तर मग.”

“झालं नाही, सर. माझा नियम अर्धाच होता. आज पुरा झाला.” आणि अण्णांनी चिमटा, गोधडी, साटमांची रात्रपाळी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “ते गवई शेजाऱ्यांचा आवाज होतो म्हणून पुण्याला जायचे. याने शेजाऱ्याच्या झोपेएवढा आपला आवाज केला, आणि वाजवायचं सोडलं नाही. या शहराचं गाणं म्हणजे दुसरं काय असतं? मला राग कळत नाही. तुम्हाला कळतो, तुम्ही सांगा.”

केळकर सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. तर हळूच विचारतात, “अण्णा, असा चिमटा तंबोऱ्याला असतो का हो? आमच्या वर बाळंतीण आली आहे.”

शाल ठरली.

त्या रविवारी हॉल भरला होता. मार्टिनबाब इस्त्रीचा कोट घालून आले. साटम रात्रपाळी करून, घरी न जाता तसेच, वॉचमनच्या खाकी कपड्यांत पहिल्या रांगेत येऊन बसले. साटमवहिनी नटूनथटून शेजारी. मार्टिनबाबांनी चिमटा काढून खिशात ठेवला आणि बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, उचलला. इतकी वर्षं दाबून ठेवलेला तो सूर असा काही सुटला की साटमवहिनींनी माझा हात घट्ट धरला. “हे आमच्या भिंतीपलीकडे होतं?” एवढंच म्हणाल्या.

आणि साटम? साटम झोपले! रात्रभर जागलेला माणूस, पंख्याखाली खुर्ची मिळाली, मान टाकली छातीवर. मार्टिनबाबांनी वाजवता वाजवता ते बघितलं. सवयीने बो अलगद झाला, सूर बारीक झाला, डावा हात खिशाकडे जायला लागला. तेवढ्यात मागून अण्णा ओरडले, “मार्टिनबाब, झोपू दे त्याला! तू वाजव!” अख्खा हॉल हसला. साटम दचकून उठले आणि काय झालं ते न कळून त्यांनीच पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या.

मे उलटला तरी मार्टिनबाब गेले नाहीत. पाऊस झाला की जातो म्हणाले, मग नाताळ झाला की जातो म्हणाले. दरम्यान केळकर सरांनीच त्यांना रविवारी हॉलमध्ये मुलांना शिकवायला बसवलं. माझी थोरली दोन वर्षं शिकली. फार बरी वाजवायची नाही, पण शिकली. त्यांची मुलगी म्हापशाहून चिडून येऊन गेली, हॉलमध्ये बसून बापाचा वर्ग बघितला आणि एकटीच परत गेली.

अण्णांची चौकशी मात्र त्या वर्षापासून बदलली. ते शेजाऱ्यांकडे जाईनासे झाले. सरळ कलावंताच्या घरी जायचे आणि त्यालाच विचारायचे, “तुमच्या बाजूला कोण राहतं? कामाला कधी जातात? घरात कोणी आजारी आहे का?” ज्याला सांगता यायचं, त्याच्याकडे अण्णा चहा घ्यायचे. एक सतारवाले तर गोंधळून म्हणाले, “अहो, तुम्ही जनगणनेवाले का?” मलाही ते विचारणं चिकटलंच आहे. अजूनही कोणी मला एखाद्या मोठ्या कलावंताचं कौतुक सांगायला लागलं की माझ्या तोंडून निघतंच, “राहतात कोणाच्या शेजारी?”

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटी मुलाने त्यांना कांदिवलीला नेलं, नव्या इमारतीत. निघताना म्हणाले होते, “सुमन, तिथे माझ्या ओळखीपाळखीचं कोण गो?” काकी आधीच गेलेल्या, मला रात्रभर त्यांची काळजी. महिन्याभराने भेटायला गेले. तर दार उघडलं आणि अण्णा चपला घालूनच उभे. “बरं झालं आलीस! वरच्या मजल्यावर काल नवं बिऱ्हाड आलंय. सामानात वाजवायचा दिलरुबा बघितला मी. चल.”

दार एका तरुण मुलीने उघडलं. खोक्यांच्या पसाऱ्यात उभी, केसांना धूळ. दिलरुबा कोपऱ्यात गवसणीत. अण्णांनी खिशातून आलेपाक काढला, तिच्या हातावर ठेवला आणि आपला प्रश्न टाकला, “शेजारी कोण राहतं तुझ्या, माहीत आहे?”

ती बावरली. “नाही हो आजोबा. कालच आलो. अजून कोणालाच ओळखत नाही.”

“मी राहतो,” अण्णा म्हणाले. “बरोब्बर तुझ्या खाली. दोन ते चार झोपतो. बाकीचा दिवस तुझा.”